निवृत्तांचे संथ नौकाभ्रमण

नोकरी किंवा धंद्यातून निवृत्त झालेल्या जोडप्याने राहण्याची सोय असलेल्या छोट्या नौकेवर महिनोन्‌महिने मुक्काम करणे, किनाऱ्याकिनाऱ्याने अथवा कालव्यांतून सावकाश पुढे सरकणे आणि वाटेतील बंदरगावी चार-आठ दिवस थांबून ते गाव पायी पाहणे, या जीवनपद्धतीला संथ नौकाभ्रमण म्हणतात. आलिशान जहाजावरील सहलीशी तिची गल्लत करू नये. तेथे प्रवासी हा पाहुणा असतो. येथे नवरा-बायकोच तांडेल (नौकेचे प्रमुख), खलाशी, स्वयंपाकी आणि मिस्त्री असतात. ही पद्धत मुख्यतः उत्तर अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलिया येथे रुजलेली आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खान्देशातील जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही तापी व नर्मदा या पश्चिमवाहिनी नद्यांमुळे या विषयाचा खान्देशाशी संबंध येतो, तो पुढे पाहू.

छोट्या नौकेवर दीर्घकाळ राहून प्रवास करता येतो, हे जोशुआ स्लोकम याने १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नावाच्या सुमारे ११ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून दाखवून दिले. निघताना त्याचे वय पन्नाशी ओलांडलेले होते. सामान्य पेन्शनरांच्या आवाक्यात ही गोष्ट आली ती मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, काचतंतूंच्या (फायबरग्लासच्या) नौका व छोटी डिझेल इंजिने मिळू लागल्यावर. उपग्रहाधारित स्थाननिर्देशनाने (जीपीएसने) उरलीसुरली भीतीही बरीच कमी केली. भारतात कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, परंतु तो पराक्रमाचा प्रवास होता. येथे ज्या प्रवासाचा विचार आहे, त्यात पराक्रम शक्यतो टाळायचाच असतो.

अशा नौका बहुधा १० ते १४ मीटर लांबीच्या असतात. पाच ते सात नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९ ते १३ किलोमीटर, हा त्यांचा नेहमीचा वेग असून सायकलस्वारही त्यांना सहज मागे टाकील. दिवसाउजेडी निघून दिवसाउजेडी नांगर टाकायचा म्हटले, तर एका दिवसात ७०-८० किलोमीटरांहून अधिक मजल क्वचितच होते. अमेरिकेच्या पूर्व व आखाती किनाऱ्यालगत खाड्या, सरोवरे आणि खोदलेले कालवे जोडून सुमारे ४,८०० किलोमीटरांचा अंतर्गत जलमार्ग तयार झाला आहे. उघड्या समुद्रात फारसे न जाता त्यावरून थंडीत दक्षिणेकडे व उन्हाळ्यात उत्तरेकडे जाणारी निवृत्त जोडपी पुष्कळ असतात. हाच मार्ग पंचमहासरोवरे व मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील जलमार्गांशी जोडून सुमारे ९,६०० किलोमीटरांचा फेरा होतो आणि तो पुरा करण्यास साधारण एक वर्ष लागते. फ्रान्समधील २४० किलोमीटर लांबीचा कॅनाल द्यू मिदी १६८१ साली खुला झाला; मालवाहतुकीसाठी खणलेल्या त्या कालव्यावर आज हौशी नौकाच दिसतात. इंग्लंडमधील कालव्यांवर जेमतेम दोन मीटर रुंदीच्या लांबट नौका चालतात. तेथे कायमचा धक्का न घेता फिरत राहण्याचा परवाना असलेल्या नौकेला एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही.

मुक्काम आणि मार्गक्रमण यांचे वेळापत्रक प्रवाशाच्या हाती फारसे नसते. समुद्रकिनारी ते भरती-ओहोटी व वारा ठरवतात. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की त्या दिवशीच्या भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, असा कोकणात जुना ठोकताळा आहे. अष्टमीला सहा आणि पौर्णिमेला सव्वाअकरा. खान्देशातील घरात पंचांग असतेच, पण ते लग्नकार्य आणि एकादशीसाठी उघडले जाते. समुद्रावर ते गणिताचे पुस्तक होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त चढते व जास्त उतरते, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, भरतीत हा फरक कमी असतो. त्यामुळे उथळ खाडीत शिरायचे असल्यास नौकेचा पाण्याखालील भाग, पाण्याची खोली आणि घड्याळ यांचा मेळ घालावा लागतो. नांगर टाकताना साखळी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट व दोर सातपट सोडावा, असा संकेत आहे. साखळी आखूड पडली तर रात्री वारा फिरल्यावर नांगर तळाशी घसरू लागतो.

नौकेवरील घरसंसार काटकसरीचा असतो. टाकीत मावेल तेवढेच गोडे पाणी, सौर पट्ट्यांतून साठेल तेवढीच वीज आणि कप्प्यांत बसेल तेवढाच शिधा मिळून दिवस काढायचे असतात. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात आयुष्य गेलेल्या माणसाला पाण्याचा हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. शिधाही टिकाऊ लागतो. त्या दृष्टीने बिबड्या, कुरडया, सांडगे, डाळीची वडी आणि कळण्याचे पीठ असे खान्देशी वाळवणाचे डबे नौकेच्या स्वयंपाकघरास फार सोयीचे ठरतील, फक्त दमट हवेत ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे लागतील. खर्चाच्या बाबतीत मात्र गैरसमज पुष्कळ आहेत. नौकेच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी डागडुजीस लागते, असे ढोबळ गणित जाणकार मांडतात. त्यात तळ खरवडून नवा रंग देणे, शिडे व दोर बदलणे, इंजिन, विमा आणि धक्क्याचे भाडे हे सारे येते. नांगरावर राहिले तर भाडे वाचते, पण किनाऱ्यावर जाण्यासाठी दर वेळी छोटी होडी उतरवावी लागते. गुडघे दुखू लागलेल्या माणसासाठी खरी अडचण वादळाची नसून होडीतून नौकेवर चढण्याची असते.

जोडप्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण प्रसंग धक्क्याला लागण्याचा. वारा एका बाजूने ढकलत असतो, एक जण सुकाणूवर आणि दुसरा दोर घेऊन पुढे असतो, व इंजिनाच्या आवाजात एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून कित्येक जोडपी हाताच्या खुणा आधी ठरवून घेतात. सुकाणू नेहमी नवऱ्याच्या हाती व दोर बायकोच्या हाती, अशी वाटणी अनेक नौकांवर आढळते. ती चुकीची आहे. नवरा आजारी पडला किंवा पाण्यात पडला, तर नौका थांबवणे, वळवणे आणि सोळाव्या रेडिओ वाहिनीवरून मदत मागणे हे तिला एकटीला जमले पाहिजे.

ऋतूंनुसार थांबणे हेही या जीवनाचे अंग आहे. अटलांटिकमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ मानला जातो आणि त्या काळात नौका कोणत्या पट्ट्यात असावी, याच्या अटी विमा कंपन्या घालतात. महाराष्ट्राच्या ७२० किलोमीटरांच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वारे छोट्या नौकांची ये-जा बंद पाडतात. यांत्रिक मासेमारीस १ जून ते ३१ जुलै बंदी असते. उरलेल्या महिन्यांत हर्णे, जयगड, विजयदुर्ग, मालवण अशी एकेका दिवसाच्या टप्प्यावरची बंदरे संथ भ्रमणास उत्तम आहेत. परंतु पाणी, वीज व इंधन पुरवणारे मरीना भारतात अगदी मोजके असल्याने घर म्हणून नौका ठेवण्याची पद्धत येथे वाढलेली नाही. केरळातील केट्टुवल्लम व काश्मिरातील हाउसबोट या पर्यटकांना भाड्याने देण्याच्या नौका होत.

खान्देशात नदीवर नाव नवी नाही. पूल होण्यापूर्वी तापीच्या उतारांवर, म्हणजे नदी ओलांडण्याच्या ठिकाणी, भोई व कोळी समाजांतील नावाडी माणसे, बैल आणि गाड्या पैलतीरी नेत असत. मात्र तो आडवा प्रवास होता. नदीच्या लांबीने प्रवास करण्यास पावसाळ्यातील पूर, उन्हाळ्यातील कोरडे पात्र आणि गाळाचे उंच, घळींनी फाटलेले काठ अशी तिहेरी अडचण होती. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने १११ जलमार्ग घोषित झाले, त्यांत हतनूर धरणापासून खंभातच्या आखातापर्यंतची ४३६ किलोमीटरांची तापी हा शंभरावा आणि नर्मदेचा २२६ किलोमीटरांचा भाग हा त्र्याहत्तरावा जलमार्ग आहे. कागदावर पाहता भुसावळजवळून निघालेली नौका सुरतेला समुद्रात उतरायला हवी. प्रत्यक्षात सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा येथील बंधारे आणि पुढे गुजरातेतील उकाई व काकरापार वाट अडवतात. युरोपातील कालव्यांवर असे अडथळे जलपाशाने, म्हणजे दोन दरवाज्यांमधील कोठडीत पाणी भरून किंवा सोडून नौका चढवण्या-उतरवण्याच्या सोयीने, ओलांडले जातात. येथील बंधारे पाणी अडवून शेतीला देण्यासाठी बांधलेले असल्याने त्यांना जलपाश नाहीत. पावसाळा संपल्यावर दरवाजे लावले की दोन बंधाऱ्यांमधील पाणी संथ व खोल होते. मुडावद येथील तापी-पांझरा संगम, सारंगखेडा आणि तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा यांच्या आसपास नौकेतून फिरणे शक्य असले, तरी ते तुटक तुकड्यांतच.

नर्मदेचा सुमारे ५४ किलोमीटरांचा काठ नंदुरबार जिल्ह्याला लाभला आहे. सरदार सरोवराचे पाणी चढल्यावर अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील मणिबेलीसारख्या गावांना बोट ही गरजेची वस्तू झाली. दवाखानाही तेथे बोटीतून फिरतो. विस्थापनातून आलेल्या या जलवाहतुकीला हौशी भ्रमणाच्या सदरात घालणे योग्य होणार नाही.

पाश्चात्त्य नौकाभ्रमणाशी खान्देशातील निवृत्त जोडप्यांचे खरे साम्य आढळते ते नर्मदा परिक्रमेत. १,३१२ किलोमीटर लांबीच्या नदीला उजव्या हाती ठेवून दोन्ही तीरांनी चालण्याची ही प्रथा परंपरेने तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवसांची असून चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतात. दक्षिण तीराची वाट आज शहादा, प्रकाशा, तळोदा व अक्कलकुवा येथून जाते. तीत एकच टप्पा पाण्यावरचा आहे. नदी ओलांडायची नाही, या नियमामुळे मुखाशी समुद्रातून वळसा घ्यावा लागतो. दक्षिण तीरावरील विमलेश्वराहून बोट निघते आणि आखातातून जाऊन उत्तर तीरावरील मिठीतलाईला लागते. खंभातच्या आखाताच्या वरच्या टोकाला भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरपर्यंत जातो, त्यामुळे पुरेसे पाणी असेल तेव्हाच बोट चिखलातून सुटते. ती वेळ कधी पहाटेची असते, कधी मध्यरात्रीची, आणि प्रवाशांना आदल्या संध्याकाळपासून गाठोडी बांधून बसावे लागते.