बिनब्रँडची कार्बन फ्रेम आणि फर्स्ट कॉपी

मराठवाड्यातल्या सायकलवाल्यांमध्ये माउंटन बाइकसाठी बाहेरून मागवलेल्या कार्बन फ्रेमचा विषय निघाला की हटकून दोन मते ऐकू येतात. एक असे की हा सगळा चायना माल आहे, एखाद्या उतारावर तो दगा देणारच, त्याच्या नादी लागू नका. दुसरे असे की नामवंत कंपन्यांच्या फ्रेमही त्याच कारखान्यात, त्याच मोल्डमधून, म्हणजे साच्यातून, निघतात, मग नुसत्या नावापायी दुप्पट-तिप्पट पैसे का मोजायचे? ही मते मांडणारे दोन्ही पक्ष दोन निराळ्या वस्तू एकाच माळेत ओवत असतात. बिनब्रँडची फ्रेम कारखाना स्वतःच्या मॉडेल क्रमांकाने उघडपणे विकतो. फर्स्ट कॉपीवर मात्र भलत्याच कंपनीचे नाव खोटेपणाने रंगवलेले असते. पहिले मत फर्स्ट कॉपीला लागू पडते आणि बिनब्रँडच्या फ्रेमवर विनाकारण अन्याय करते. दुसरे मत दोन्हींच्या बाबतीत फसवे आहे, आणि माझा राग मुख्यतः त्याच्यावर आहे.

फर्स्ट कॉपीची ओळख करून देण्याची गरज नाही. बूट, घड्याळ, गॉगल यांच्या रूपाने ती आपल्या प्रत्येक बाजारपेठेत पोहोचलेली आहे. फ्रेमच्या बाबतीतही प्रकार तोच: मूळ मॉडेलचा रंग, अक्षरांचे वळण, कधी कधी बनावट सिरियल क्रमांकसुद्धा. ट्रेड मार्क्स अधिनियम, १९९९ नुसार असा माल विकणे गुन्हा आहे आणि २००७ च्या आयात मालविषयक नियमांमुळे कस्टम्सही तो अडवून ठेवू शकते. या बाजूविषयी एवढे पुरे.

बिनब्रँडच्या फ्रेमची गोष्ट वेगळी आहे. चीनमधल्या शामेन, शेन्झेन यांसारख्या शहरांच्या परिसरात कार्बनचे काम करणारे कितीतरी कारखाने आहेत. त्यांतले काही स्वतः आराखडा तयार करतात, स्वतःच्या खर्चाने मोल्ड बनवतात आणि त्यातून निघालेली फ्रेम मागेल त्याला विकतात. जगभरातल्या अनेक लहान सायकल कंपन्या अशाच फ्रेमवर आपले स्टिकर लावून ती आपल्या नावाने विकतात, आणि त्यात बेकायदेशीर काहीही नाही. अशा फ्रेमला मॉडेल क्रमांक असतो, कोनांचा आणि लांबी-उंचीचा तक्ता असतो, मागचा गिअर ज्यावर बसतो तो हँगर सुटा मागवता येतो आणि काही बिनसले तर दाद कुणाकडे मागायची ते ठाऊक असते.

दोन्हींमधले जे फरक लोक चवीने चघळतात ते बहुतेक बिनकामाचे असतात. पृष्ठभागावर दिसणारी चौकटीची वीण, जिला थ्री-के म्हणतात, ती बहुधा शोभेपुरती असते. ताकद तिच्याखालच्या सरळ धाग्यांच्या थरांत असते. वजनात शे-दीडशे ग्रॅमचा फरक असेल, तर तो पाण्याच्या बाटलीतल्या दोन-चार घोटांत भरून निघतो. फ्रेमवर छापलेला 'टी१०००' हा धाग्याच्या प्रतीचा आकडा तर मला डोळ्यांसमोर नको वाटतो. तोरे कंपनीच्या टी७०० धाग्याची ताणशक्ती सुमारे ४९०० मेगापास्कल आहे आणि माउंटन बाइकच्या फ्रेमसाठी ती भरपूर होते. शिवाय कोणत्याही फ्रेममध्ये निरनिराळे धागे निरनिराळ्या जागी मिसळून वापरतात, त्यामुळे अख्ख्या फ्रेमवर एकच आकडा मारून ठेवण्याला जाहिरातीपलीकडे काही अर्थ उरत नाही.

गोंधळ होतो तो 'मोल्ड एकच, म्हणजे फ्रेम एकच' या वाक्यापाशी. हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने उच्चारले जाते की ऐकणाऱ्याला शंका घेण्याचाच संकोच वाटावा. मोल्ड म्हणजे पोलादाचा किंवा अॅल्युमिनियमचा दोन भागांचा साचा. त्याने फ्रेमचा फक्त बाहेरचा आकार ठरतो. नळीची भिंत कुठे किती जाड असावी, धागे कोणत्या दिशेने जावेत, हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीच्या, सांध्यात किती थर एकमेकांवर यावेत, यांतले काहीही साचा ठरवत नाही. दिवाळीत करंजीचा साचा घरोघर एकच असतो, पण म्हणून सगळ्या घरांतल्या करंजीत सारण सारखेच निघत नाही.

फ्रेम कशी तयार होते ते पाहिले की हे आपोआप उलगडते. रेझिनमध्ये, म्हणजे धागे धरून ठेवणाऱ्या चिकट राळेत, आधीच भिजवलेल्या कार्बनच्या पत्र्यांचे, ज्यांना प्रीप्रेग म्हणतात, लहान-मोठे तुकडे कापतात. एका फ्रेमला असे शेकडो तुकडे लागू शकतात, आणि प्रत्येकाची जागा, क्रम आणि धाग्याचा कोन ठरलेला असतो. नळीच्या लांबीला समांतर गेलेले धागे वाकण्याला विरोध करतात, ४५ अंशांत तिरपे लावलेले धागे पिळाला विरोध करतात, आणि आडवे लावलेले धागे नळी चेपू देत नाहीत. बॉटम ब्रॅकेटपाशी, म्हणजे पॅडलचा आस फिरतो त्या सांध्यापाशी, पॅडलचा पीळ येतो, हेड ट्यूबपाशी पुढचे चाक दगडावर आपटल्याचा धक्का येतो, म्हणून तिथली थरांची मांडणी वरच्या नळीच्या मध्यभागापेक्षा अगदी वेगळी असते. या सगळ्या मांडणीला लेअप म्हणतात. ती पूर्ण झाली की आत हवेची पिशवी ठेवून साचा बंद करतात, शंभर अंशांहून अधिक तापमानाला तो तापवतात आणि आतून दाब देतात. दाब कमी पडला तर थरांमध्ये हवा अडकते. पिशवी नीट फुगली नाही तर कोपऱ्यात धाग्यांना सुरकुती पडते. सुरकुतलेला धागा सरळ धाग्याइतका ताण घेऊ शकत नाही, आणि तडा बहुधा तिथूनच सुरू होतो.

म्हणजे एकाच साच्यातून, त्याच आठवड्यात, एक उत्तम आणि एक टाकाऊ अशा दोन फ्रेम निघू शकतात, आणि बाहेरून त्या हुबेहूब सारख्या दिसतील. मोठी कंपनी कारखान्याकडून फ्रेम बनवून घेते तेव्हा ती लेअपचा आराखडा, रेझिनचा प्रकार, तपासणीची पद्धत आणि नाकारलेल्या मालाचे काय करायचे, हे सगळे ठरवून देत असते. तिच्या पैशातला बराचसा भाग त्यासाठी जातो. 'त्याच कारखान्यातून' हे वाक्य खरे असले तरी त्यावरून आपल्या हातातल्या फ्रेमविषयी काहीच सिद्ध होत नाही.

बिनब्रँडची फ्रेम आणि फर्स्ट कॉपी यांची वाट फुटते ती नेमकी इथे. बिनब्रँडच्या कारखान्याचा आकार त्याचा स्वतःचा असतो आणि त्या आकाराला साजेसा लेअपही त्यानेच बसवलेला असतो. तो चांगला की बेताचा, हे विचारता येते आणि तपासता येते. फर्स्ट कॉपी करणारा तयार फ्रेमकडे बघून बाहेरचा आकार उचलतो. आतले थर त्याला आयते मिळत नाहीत, आणि ते शोधून काढण्याचे त्याला कारणही नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक नाव पाहून पैसे देते. त्यातही मूळ फ्रेम जितकी हलकी आणि नाजूक आकाराची, तितका तिचा भार विशिष्ट थरांवर तोललेला असतो, आणि तितकाच तो आकार अंदाजाने भरणे धोक्याचे. एखादी फर्स्ट कॉपी वर्षानुवर्षे टिकलीही असेल. तिच्या मालकाचा अनुभव खोटा नाही, पण पुढच्या फ्रेमसाठी तो उपयोगाचाही नाही, कारण ती त्याच हातांनी, त्याच थरांनी बनली आहे असे सांगणारा कोणी नसतो.

विक्रेत्याला विचारायचा प्रश्नही त्यामुळे 'टी किती?' हा नव्हे. आयएसओ ४२१० या सुरक्षा-मानकाच्या सहाव्या भागात फ्रेम आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) यांच्या चाचण्या दिलेल्या आहेत. त्यांत पॅडलच्या भाराखाली एक लाख आवर्तने चालणारी थकवा-चाचणी आहे, वजन आपटून पाहण्याची चाचणी आहे, पुढून-मागून भार देण्याची चाचणी आहे. या चाचण्यांचा अहवाल मागावा आणि त्यावर आपल्याच मॉडेलचा क्रमांक, माउंटन बाइकचा प्रकार, फ्रेमचा आकार आणि तारीख आहे की नाही ते पाहावे. भलत्याच मॉडेलचा अहवाल पुढे करणारा विक्रेता तिथेच बाद करावा. मात्र अहवाल म्हणजे हमीपत्र नव्हे: तपासलेला नमुना वेगळा होता, आपली फ्रेम वेगळी आहे. आणखी एक खूण सांगतो. यूसीआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची, फ्रेम-मान्यता २०११ पासून सुरू झाली ती रोड, ट्रॅक आणि सायक्लोक्रॉस यांच्यासाठी. माउंटन बाइकच्या फ्रेमवर तसे मान्यतेचे स्टिकर ऐटीत चिकटवलेले दिसले, तर ते चिकटवणाऱ्याने बाकी काय काय चिकटवले असेल, याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

फ्रेम हाती आली की जोडणीआधी ती आतून पाहावी. मोबाइलला जोडायचा नळीचा कॅमेरा स्वस्तात मिळतो. तो बॉटम ब्रॅकेटच्या भोकातून आत सोडला की खालच्या नळीचा सांधा दिसतो. तिथली भिंत एकसारखी, मंद चकाकणारी दिसायला हवी. पिशवीचा एखादा सुटा तुकडा लोंबत असेल तर तो गबाळेपणा आहे, धोका नाही. पण धाग्यांची लाट उठलेली दिसली, किंवा कोपऱ्यात रेझिनचा गोळा साचलेला दिसला, तर फोटो काढून फ्रेम परत करावी. संभाजीनगरकरांना आणखी एक सोय आहे: वाळूज आणि चिकलठाणा भागात अचूक मापे घेणारी वर्कशॉप जागोजागी आहेत. तिथे बॉटम ब्रॅकेटचे भोक बोअर गेजने मोजून घ्यावे. बेअरिंग दाबून बसवायच्या, म्हणजे प्रेस-फिट, प्रकारांपैकी बीबी९२ मध्ये ते ४१ मिलिमीटर हवे, पीएफ३० मध्ये ४६. भोक लंबगोल निघाले, तर पुढे आयुष्यभर येणारी करकर कोणत्याही ग्रीसने थांबत नाही. माझ्यापुरते म्हणाल तर आटे असलेला बीएसए बॉटम ब्रॅकेट मिळत असताना प्रेस-फिट घेण्याचे काही कारण मला दिसत नाही.

बाकीची मापे तक्त्यावरून जुळवता येतात, त्यामुळे त्यांचा बाऊ करू नये. मागचा हब १४८ बाय १२ मिलिमीटरचा (बूस्ट नावाचा रुंद प्रकार) आहे की जुना १४२ चा, सीटपोस्ट (सीटचा दांडा) ३१.६ चा की ३०.९ चा, हेडसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) कोणत्या मापाचा, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, आट्याचे अंतर मात्र हमखास विसरले जाते. १२ मिलिमीटरचे सगळे एक्सल दिसायला सारखेच, पण आटे १, १.५ किंवा १.७५ मिलिमीटरचे असतात, आणि चुकीचा एक्सल जोर लावून फिरवला की मागच्या टोकाचे आटे जातात. फोर्क फ्रेमच्या तक्त्यात लिहिला असेल तेवढ्याच ट्रॅव्हलचा, म्हणजे दबण्याच्या अंतराचा, घ्यावा. १०० मिलिमीटरसाठी काढलेल्या फ्रेमला १४० चा फोर्क लावणारे हौशी लोक पुढचा कोन सुमारे दोन अंशांनी पाडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे हेड ट्यूबवरची तरफ लांबवतात. सीटपोस्टला कार्बन पेस्ट लावावी, साधे ग्रीस नव्हे, आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावेत. पहिली बिनब्रँडची फ्रेम हार्डटेलच, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेलीच, घ्यावी असे माझे ठाम मत आहे. मागच्या सस्पेन्शनचे बेअरिंग, बुश आणि लिंक यांचे सुटे भाग दोन वर्षांनी मिळतीलच, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आपल्या प्रदेशाचे म्हणून एक माप आहे, ते कोणत्याही तक्त्यात नसते. टायर आणि चेनस्टे (मागच्या चाकालगतच्या खालच्या नळ्या) यांच्यातली मोकळी जागा विक्रेते कोरड्या, स्वच्छ टायरवर मोजून सांगतात. परभणी-हिंगोलीकडच्या काळ्या रानात पहिला पाऊस झाला की माती टायरला चिकटते, तिच्यात मुरमाचे खडे रुततात आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक चेनस्टेच्या आतल्या बाजूला ते घासत राहतात. आधी वार्निश जाते, मग रंग, आणि मग काळे धागे उघडे पडून कापसासारखे उसवू लागतात. अॅल्युमिनियमवर याचा फक्त ओरखडा उठतो. कार्बनच्या बाबतीत भारवाहक थरच झिजतो. म्हणून '२.४ इंच चालेल' असे लिहिलेल्या फ्रेमला मी २.२५ चा टायर लावायला सांगतो, दोन्ही बाजूंना किमान सहा मिलिमीटर जागा राखायला सांगतो आणि त्या जागी जाड पारदर्शक टेप आधीच चिकटवून घ्यायला सांगतो. उलट, आपल्याकडच्या ४३ अंशांच्या उन्हात कार्बन मऊ पडतो, ही भीती निराधार आहे. शंभराहून अधिक अंशांवर भाजून निघालेल्या रेझिनला लातूरचा मे महिना काही करीत नाही. उन्हाळ्यात काळजी करायचीच असेल तर बाभळीच्या काट्यांची करावी आणि ट्यूबलेस टायरमधले सीलंट वाळले नाही ना, ते बघत राहावे.

ज्यांच्याकडे आधीच फर्स्ट कॉपी आहे, ते विचारतात की स्टिकर खरवडून, साधा काळा रंग देऊन ती बिनब्रँडची म्हणून चालवता येईल का. येणार नाही. नाव काढल्याने आतले थर कळत नाहीत, आणि चाचणीचा अहवाल, सुटा हँगर, जबाबदार विक्रेता यांतले काही मागाहून उगवत नाही. अशा फ्रेमवरचा फोर्क, चाके, ब्रेक आणि गिअर काढून घ्यावेत. मापे जुळली तर ते सगळे नव्या फ्रेमवर चढतात. रिकामी फ्रेम ओएलएक्सवर टाकून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये, ती करवतीने कापूनच भंगारात द्यावी. कापताना मास्क लावावा आणि कापाची जागा ओली ठेवावी, कारण कार्बनची धूळ फुप्फुसाला वाईट.