‘या धड्याला वेटेज किती?’ – वेट या इंग्रजी शब्दाची पार्श्वभूमी

माझी भाची यंदा दहावीला, त्यामुळे घरात दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न, या धड्याला वेटेज किती? मी सहज म्हटलं की लंडनच्या माणसाला असं विचारलंस तर तो जरा गोंधळेल, तर तिला ती थापच वाटली. पण खरंय. वेटेज हा जवळपास आपला देशी इंग्रजी शब्द आहे, तिकडे वेटिंग म्हणतात (रेल्वेचं वेटिंग नाही, हे वजनवालं). लंडन महाग म्हणून तिथल्या नोकरदारांना पगारावर जो जादा भत्ता मिळतो त्याचं नावच लंडन वेटिंग.

आपल्याकडे वेटेज गाजला तो परीक्षेत नाही, राजकारणात. १९१६ चा लखनौ करार आठवतोय का, टिळक आणि जिना, काँग्रेस आणि लीग एकत्र आले तो. त्यात जिथे मुस्लिम कमी होते तिथल्या प्रांतिक कायदेमंडळांत त्यांना लोकसंख्येच्या हिशोबापेक्षा जास्त जागा द्यायच्या ठरल्या, मुंबई प्रांतात तर निवडून येणाऱ्या भारतीय जागांपैकी एक तृतीयांश, आणि या जादा मापाला शब्द होता वेटेज. म्हणजे भाची धड्याचे मार्क मोजते त्या शब्दावर एकेकाळी देशभर वाद झालेत.

आता मूळ शब्द. वेट म्हणजे जड असणं हे आपण धरून चालतो, पण मुळात त्यात जडपणा नाहीच, वाहणं आहे. जुन्या इंग्रजीत ‘वेगन’ असं क्रियापद होतं, अर्थ वाहून नेणं आणि तोलणं दोन्ही. त्याचं मूळ आणि संस्कृतातल्या ‘वह्’चं मूळ एकच, म्हणजे आपलं वाहन, प्रवाह, ओझं वाहणं आणि त्यांचं वे (तोलणं), वॅगन, वेट ही सगळी एकाच घरातली भावंडं. जहाजवाले नांगर उचलण्याला आजही ‘वे अँकर’ म्हणतात, तिथे कोणी नांगराचं वजन करत नाही, नुसता उचलतात, तो जुना अर्थ तेवढा तिथे टिकून राहिला. आणि स्पेलिंगमधलं जे जीएच शाळेत छळतं ते पूर्वी ‘ख’ किंवा ‘ह’सारखं काहीसं उच्चारायचे, जर्मन लोकांच्या वजनासाठीच्या ‘गेविख्ट’ या शब्दात तसा आवाज अजून आहेच की.

मग शब्द बाजारात गेला आणि तिथे खरा गोंधळ झाला. इंग्लंडमध्ये एकाच वेळी दोन पौंड. किराणा, लोकर वगैरेचा पौंड ७००० ग्रेनचा (ग्रेन म्हणजे दाण्याएवढं चिमुकलं वजन), त्याचे १६ औंस. सोन्याचांदीचा ट्रॉय पौंड ५७६० ग्रेनचा, त्याचे १२ औंस. म्हणजे पौंडभर पिसं पौंडभर सोन्यापेक्षा जड, पण औंसभर सोनं औंसभर पिसांपेक्षा जड! हे मी कागदावर मांडून बघितलं तेव्हाच पटलं. पैशाचा पौंडही मूळचा वजनाचाच, चांदीच्या पौंडाचे २४० पेनी. आणि माणसं स्टोनमध्ये, १४ पौंडांचा एक स्टोन, ब्रिटनमध्ये कित्येक जण अजूनही स्वतःचं वजन असंच सांगतात. आपण तरी कुठे कमी आहोत म्हणा, जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वरचा आणि आज सराफाकडे तोळा म्हटलं की सरळ १० ग्रॅम.

फिजिक्सवाले या सगळ्यात फार उशिरा आले. न्यूटनने १६८७ मध्ये वस्तुमान आणि वजन वेगळं केलं, आणि १९०१ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवून टाकलं की किलोग्रॅम वस्तुमानाचं एकक आणि वजन म्हणजे बल. चंद्रावर गेलात तर वस्तुमान तेवढंच, वजन साधारण एक षष्ठांश. मी नववीत ‘वजन ५० किलो’ लिहिलं म्हणून सरांनी अर्धा मार्क कापला होता, तेव्हा गप्प बसलो, पण आता वाटतं की हजारभर वर्षं बाजारात वापरलेला शब्द उचलायचा आणि वर बाजारालाच चुकीचं ठरवायचं ही दादागिरीच झाली ना. बरं, चिवड्याच्या पाकिटावर आजही ‘नेट वेट’ किंवा ‘निव्वळ वजन’ आणि पुढे ग्रॅमच लिहिलेलं असतं, तिथे मार्क कोण कापणार.

बाकी अर्थ भराभर सांगतो. ‘पुल युअर वेट’ होडीच्या शर्यतीतलं, आपल्या वजनाइतकं तरी वल्हं मारा. छपाईत अक्षराच्या जाडीला वेट, म्हणून फॉन्टमध्ये लाईट, बोल्ड. गणितात वेटेड अ‍ॅव्हरेज, आपली भारित सरासरी, म्हणजे काही आकड्यांना जास्त महत्त्व देऊन काढलेली. आणि आता एआय मॉडेलमधले कोट्यवधी आकडे, कुठल्या इनपुटला किती महत्त्व द्यायचं हे ठरवणारे, तेही वेट्सच, म्हणजे भाचीचं वेटेजच ते.

आपला ‘वजन’ हा शब्द अरबी, फारसीतून आलेला. उर्दू शायरीत शेराच्या छंदालाही वजनच म्हणतात. मराठीत शब्दाला वजन असतं, माणसाचं गावात वजन असतं, आणि सरकारी फाईलवर वजन ठेवलं नाही तर ती ‘उडून जाते’. हा शेवटचा अर्थ इंग्रजी वेटला काही जमलेला नाही, त्यांचं पेपरवेट बिचारं खरंच कागदावर ठेवतात.