शेतीचा कार्बन घटला, की दुसऱ्या रकान्यात गेला?

भारताने संयुक्त राष्ट्रांना वेळोवेळी सादर केलेल्या हरितगृह वायूंच्या हिशेबांत शेतीचा वाटा एकंदरीत उतरताना दिसतो. 1994 च्या हिशेबात देशाच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे 28 टक्के उत्सर्जन शेतीचे होते. 2016 मध्ये ते 14 टक्क्यांच्या आसपास आले आणि 2020 मध्ये 13.7 टक्के राहिले. हे आकडे वाचून आपले अन्न पूर्वीच्या निम्म्या कार्बनभारावर ताटात येऊ लागले, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. 1994 मध्ये शेतीचे उत्सर्जन सुमारे 34 कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके होते, 2016 मध्ये ते 41 कोटी टनांच्या जवळ पोहोचले. देशाचे एकूण उत्सर्जन त्याहून कितीतरी वेगाने वाढल्यामुळे शेतीची टक्केवारी लहान दिसते, एवढेच.

याहून महत्त्वाचे कारण हिशेबाच्या रकान्यांत आहे. ‘शेती’ या रकान्यात गुरांच्या रवंथातून निघणारा मिथेन, पाणी साचलेल्या भातखाचरातला मिथेन, खतांमुळे जमिनीतून सुटणारा नायट्रस ऑक्साइड, शेणखताची साठवण आणि शेतात जाळलेले काड एवढेच धरले जाते. 2016 मध्ये यांतला निम्म्याहून अधिक भाग एकट्या रवंथाचा होता. मात्र युरिया तयार करताना कारखान्यात खर्च झालेला नैसर्गिक वायू, शेतीपंपांची वीज, मालवाहू ट्रकांचे डिझेल, शीतगृहे आणि स्वयंपाकाचा गॅस हे सारे ऊर्जा व उद्योग या रकान्यांत जाते आणि सडलेली भाजी ‘कचरा’ या रकान्यात मोजली जाते. देशातील विजेचा सुमारे सहावा हिस्सा शेतीसाठी वापरला जातो, आणि आपल्या वीजजाळ्यात एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ही वीज अन्नासाठीच खर्च होत असली, तरी अन्नाच्या नावावर तिची नोंद होत नाही.

विखुरलेले हे रकाने एकत्र आणण्याचा एक मोठा प्रयत्न युरोपीय आयोगाचे संयुक्त संशोधन केंद्र आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार 2015 मध्ये जगातील अन्नव्यवस्थेचे उत्सर्जन 1,800 कोटी टन, म्हणजे मानवनिर्मित उत्सर्जनाच्या 34 टक्के होते, आणि त्यात भारताचा वाटा 6 टक्क्यांहून थोडा अधिक होता. 1990 मध्ये हे जागतिक प्रमाण 44 टक्के होते. इथेही टक्केवारी उतरली आणि टनांचा आकडा वाढला. शिवाय बांधापलीकडच्या टप्प्यांचे, म्हणजे प्रक्रिया, वेष्टन, वाहतूक, शीतकरण, विक्री आणि कचऱ्याचे, वजन वाढत गेले.

हे टप्पे एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर वाशी-तुर्भे परिसरातील कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार पुरेसे आहे. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाले आणि धान्य यांचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने मुंबईतून इथे हलवण्यात आले, आणि आज मुंबई, ठाणे व नवी मुंबईच्या स्वयंपाकघरांत पोहोचणारा बराचसा माल याच गाळ्यांमधून पुढे जातो. लासलगावच्या कांद्याचा हिशेब मांडून पाहू. वाशीपर्यंतचे अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर आहे. दहा टन कांदा भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर चालतो असे धरले, तर 56 लिटर डिझेल लागते. लिटरमागे 2.68 किलो या दराने सुमारे 150 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे किलोभर कांद्यामागे 15 ग्रॅम. ट्रक रिकामा परतला, तरी हा आकडा 30 ग्रॅमच्या पुढे जात नाही. उलट 2016 मधील भातशेतीचा मिथेन देशाच्या तांदूळ उत्पादनावर वाटला, तर किलोभर तांदळामागे सहाशे ग्रॅमहून अधिक उत्सर्जन येते. घरातला 14.2 किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे 42 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अन्न किती दुरून आले यावरून त्याचा कार्बनभार ठरवण्याची सवय म्हणूनच मला दिशाभूल करणारी वाटते. वरील जागतिक अभ्यासातही वाहतुकीचा वाटा 5 टक्क्यांच्या आतच आहे. विमानाने येणारी फळे मात्र याला ठळक अपवाद आहेत.

मग बांधापलीकडे काळजीची जागा कोणती? माझ्या मते नासाडी आणि शीतकरण, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. नाबार्डची सल्लागार कंपनी असलेल्या नाबकॉन्सच्या 2022 च्या पाहणीनुसार आपल्याकडे काढणीनंतर फळांचे सुमारे 6 ते 15 टक्के आणि भाज्यांचे 5 ते साडेअकरा टक्के नुकसान होते. घाऊक बाजारात टाकून द्यावी लागलेली मेथीची जुडी ही केवळ एका जुडीची हानी नसते; तिच्यासाठी वापरलेले खत, पंपाची वीज, ट्रकचे डिझेल हे सगळे आधीच हवेत गेलेले असते. साखळीच्या जितक्या पुढच्या टप्प्यावर माल वाया जातो, तितका त्याच्या पाठीवरचा कार्बन जास्त असतो. पुढे हाच ओला कचरा कचराभूमीत ढिगाखाली हवेविना कुजला, तर त्यातून मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवणारा आहे. तोच कचरा बंद टाकीत कुजवला, तर मिथेन इंधन म्हणून हाती येतो आणि उरलेल्या मळीचे खत होते.

नाशिकच्या निर्यातक्षम द्राक्षांना काढणीनंतर काही तासांत पूर्वशीतकरण मिळते आणि शून्य अंशाच्या जवळ ठेवलेल्या कंटेनरमधून ती न्हावा-शेवा बंदरात पोहोचतात, तर देशातल्या बाजारासाठीचा टोमॅटो आणि पालेभाजी बहुतेक वेळा उघड्या ट्रकमधूनच घाट उतरते. देशांतर्गत मालालाही शीतसाखळी मिळायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण थंडावा फुकट मिळत नाही. वीज तर लागतेच, शिवाय गळणारा शीतक वायूही मोजावा लागतो. लहान शीतकक्ष आणि शीतवाहनांत वापरला जाणारा आर-404ए हा वायू एक किलो गळला, तर तो जवळपास 3,900 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. मोठ्या शीतगृहांत अमोनिया वापरतात. तो विषारी असल्याने दक्षता घ्यावी लागते, पण वातावरण तापवत नाही. ओझोन थराच्या रक्षणासाठीच्या मॉन्ट्रियल करारातील किगाली दुरुस्तीला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली असून, त्यानुसार हायड्रोफ्लुरोकार्बन वर्गातील अशा शीतकांचा वापर 2028 मध्ये गोठवायचा आणि 2032 पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. शीतयंत्र एकदा बसवले की अनेक वर्षे चालते, त्यामुळे आज उभ्या राहणाऱ्या शीतगृहांत कोणता वायू भरला जातो, याचा परिणाम 2032 नंतरच्या हिशेबांतही उमटणार आहे.