सक्ती कुणाच्या देहावर, कुणाच्या खिशावर: लसीकरण आणि स्थूलतेविषयीच्या सरकारी नियमांची पार्श्वभूमी

लस टोचून घेणे आणि वजन आटोक्यात ठेवणे या दोन्ही बाबतींत सरकारने नागरिकाला किती भाग पाडावे, हे दोन वाद अलीकडे एकाच दमात घातले जातात. त्यांचा इतिहास मात्र एक नाही. लसीची सक्ती दोनशे वर्षांहून जुनी आहे आणि ती संसर्गाच्या भीतीतून जन्माला आली. स्थूलतेविषयीचे नियम बहुतांशी गेल्या पाव शतकातले आहेत आणि त्यांच्या मुळाशी उपचारांचा खर्च, अन्नउद्योगाचे वर्तन आणि मुलांच्या आरोग्याची काळजी आहे. हे दोन्ही इतिहास शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ‘सरकार विरुद्ध व्यक्ती’ असे म्हणताना आपण जी व्यक्ती गृहीत धरतो ती सगळीकडे सारखी नसते, आणि सक्तीचा भार बहुतेक वेळा तो पेलण्याची ताकद सर्वांत कमी असलेल्यांवर येऊन पडतो.

एडवर्ड जेनर या इंग्रज डॉक्टरांनी 1796 मध्ये देवीच्या लसीचा प्रयोग केला आणि त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांत, 1807 मध्ये, आजच्या जर्मनीतील बव्हेरियाने लसीकरण सक्तीचे केले. डेन्मार्कने 1810 मध्ये आणि स्वीडनने 1816 मध्ये तोच मार्ग धरला. इंग्लंडने आधी 1840 च्या कायद्याने लस मोफत केली आणि 1853 मध्ये प्रत्येक अर्भकाला जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत ती टोचणे बंधनकारक केले. देवीची लागण झालेल्यांपैकी सुमारे तीस टक्के लोक दगावत आणि वाचलेल्यांपैकी कित्येकांना अंधत्व येई, हे लक्षात घेतले तर या घाईचे कारण समजते.

विरोध का झाला, हे समजण्यासाठी मात्र अंमलबजावणीकडे पाहावे लागते. मोफत लसीकरणाची व्यवस्था दरिद्री-साहाय्य यंत्रणेकडे सोपवलेली होती, त्यामुळे तिथे बाळाला घेऊन जाणे म्हणजे आपण आश्रित असल्याची कबुली देणे, असे कष्टकरी कुटुंबांना वाटे. लस एका मुलाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात टोचली जाई आणि त्यातून उपदंशासारखा रोग पसरण्याचा धोका खरोखरच होता. 1867 च्या कायद्याने एकाच मुलासाठी वारंवार दंड आकारण्याची तरतूद केली. ऐपत असलेले पालक दंड भरून मोकळे होत; ज्यांच्याकडे पैसे नसत त्यांचे घरसामान जप्त होऊन लिलावात निघे, काहींना तुरुंगातही जावे लागे. लसविरोधी चळवळीला अज्ञान म्हणून निकालात काढणारे लेखन बरेच आहे. लसीच्या परिणामकारकतेविषयी त्या चळवळीचे दावे चुकीचेच होते, परंतु दंडाच्या या व्यवस्थेबद्दलची तिची तक्रार चुकीची नव्हती, आणि या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही.

मार्च 1885 मध्ये इंग्लंडमधील लेस्टर शहरात हजारो लोकांनी सक्तीविरुद्ध मोर्चा काढला. त्या शहराने लसीऐवजी रुग्णाची तत्काळ नोंद, त्याचे आणि संपर्कातील लोकांचे विलगीकरण आणि घराचे निर्जंतुकीकरण यांवर भर दिला होता. 1889 मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने (रॉयल कमिशन) 1896 मध्ये अहवाल देताना लस रोगापासून संरक्षण देते हे मान्य केले आणि तरीही वारंवार दंड करणे थांबवावे, अशी शिफारस केली. त्यातून 1898 चा कायदा आला. सदसद्विवेकबुद्धीच्या आधारे आक्षेप घेणाऱ्या पालकाला त्याने सूट दिली आणि एका मुलाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात लस टोचण्याची पद्धतही बंद केली. सैन्यात भरती होण्यास नकार देणाऱ्यांसाठी पहिल्या महायुद्धात ‘कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर’ (सदसद्विवेकबुद्धीने आक्षेप घेणारा) ही जी संज्ञा रूढ झाली, ती इंग्लंडच्या कायद्यात प्रथम या लसीच्या वादातून आली होती.

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे 1904 साली जे घडले ते याहून तीव्र होते. ओस्वाल्दो क्रूझ या वैज्ञानिकाच्या पुढाकाराने लसीकरण सक्तीचे झाले, तेव्हा त्याच शहरात रुंद रस्ते काढण्यासाठी गरिबांच्या वस्त्या पाडल्या जात होत्या. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या घरातील प्रवेशाकडे लोकांनी त्याच नजरेने पाहिले आणि नोव्हेंबरमध्ये आठवडाभर दंगली उसळल्या. सरकारने सक्ती मागे घेतली. 1908 मध्ये देवीच्या साथीने त्या शहरात हजारोंचे बळी घेतले.

अमेरिकेतील कायद्याचा पाया एका छोट्या दंडाच्या खटल्यात घातला गेला. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहराने 1902 मध्ये देवीच्या साथीत प्रौढांना लस घेण्याचा आदेश दिला. हेनिंग जेकबसन या धर्मोपदेशकाने नकार दिला आणि त्याला पाच डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1905 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी शहराची बाजू उचलून धरली. समाजात राहणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य निरपवाद नसते, असे न्यायमूर्ती हार्लन यांच्या निकालपत्राचे सार होते. मात्र त्याच निकालपत्रात मर्यादाही होती: उपाय मनमानी नसावा आणि ज्याच्या प्रकृतीला लस घातक ठरेल त्याच्यावर तो लादू नये. ही मर्यादा किती सहज विसरली जाऊ शकते, हे 1927 मध्ये दिसले. व्हर्जिनियातील कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाला मान्यता देताना त्याच न्यायालयाने लससक्तीच्या निकालाचा आधार घेतला. पाच डॉलरचा दंड आणि एका स्त्रीच्या शरीरावर केलेली शस्त्रक्रिया यांना एकाच तत्त्वात बसवणारा हा निर्णय सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील अत्यंत लाजिरवाण्या निर्णयांपैकी एक आहे. देहस्वायत्ततेचा प्रश्न आजही एवढ्या तीव्रतेने का विचारला जातो, त्याचे एक उत्तर त्यात आहे.

देवीचे 1980 मध्ये उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले आणि वाद गोवरासारख्या बालरोगांकडे सरकला. गोवर रोखण्यासाठी समाजातील सुमारे 95 टक्के लोकांना लस मिळालेली असावी लागते, त्यामुळे थोड्या कुटुंबांनी नकार दिला तरी साथ परत येऊ शकते. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा 1998 चा शोधनिबंध 2010 मध्ये मागे घेतला गेला, पण भीती टिकून राहिली. कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये शालेय लसीकरणातील वैयक्तिक श्रद्धेची सूट रद्द केली. इटलीने 2017 मध्ये दहा लसी बंधनकारक केल्या. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये चेक प्रजासत्ताकातील बालकांच्या लससक्तीला मान्यता दिली. या सर्व ठिकाणी वाद पालकांच्या निवडीचा होता; ज्याला लस टोचायची ते मूल निवड करण्याच्या वयात नव्हते.

स्थूलतेच्या बाबतीत हा पायाच वेगळा आहे. स्वतःच्या हिताचे कारण सांगून कुणावर बळजबरी करता येत नाही, ती फक्त इतरांना होणारी इजा टाळण्यासाठीच करता येते, असे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1859 मध्ये मांडले होते. संसर्गजन्य रोगावरील लस या कसोटीवर बरीचशी उतरते. वजन त्या कसोटीवर उतरत नाही, कारण ते एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. म्हणून स्थूलतेविषयीच्या धोरणाला आपले समर्थन दुसरीकडे शोधावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 मध्ये तज्ज्ञांची बैठक बोलावून स्थूलतेला जागतिक साथ म्हटले. साथ हा शब्द इथे आला आणि त्याच्याबरोबर साथीच्या काळातील अधिकारांची अपेक्षाही आली. मोजमापही लोकसंख्येसाठी घडवलेलेच वापरले गेले: वजन आणि उंची यांवरून काढल्या जाणाऱ्या शरीरभार निर्देशांकाचे (बीएमआय) सूत्र बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात सरासरी माणसाच्या अभ्यासासाठी मांडले होते, एकेका व्यक्तीचे निदान करण्यासाठी नव्हे.

थेट शरीराची मोजणी करणारा ठळक कायदा जपानचा. 2008 पासून तिथे 40 ते 74 वयोगटातील लोकांच्या कमरेचा घेर मोजला जातो. पुरुषांसाठी 85 आणि स्त्रियांसाठी 90 सेंटिमीटर ही मर्यादा आहे. आर्थिक भुर्दंडाची तरतूद मात्र व्यक्तीवर नसून आरोग्य विमा चालवणाऱ्या संस्थांवर आहे. इतर देशांनी शरीराऐवजी वस्तूला हात घातला. डेन्मार्कने ऑक्टोबर 2011 मध्ये संपृक्त चरबीवर कर लावला, परंतु ग्राहक खरेदीसाठी शेजारच्या जर्मनीत जाऊ लागले आणि पंधरा महिन्यांत तो रद्द झाला. न्यूयॉर्क शहराने गोड पेयांच्या सोळा औंसांपेक्षा मोठ्या पेल्यांवर घातलेली बंदी 2014 मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने अवैध ठरवली. तिथे निर्णायक मुद्दा नागरिकाच्या निवडीचा नव्हता. असा नियम करण्याचा अधिकार आरोग्य मंडळाचा नसून निवडून आलेल्या सभागृहाचा आहे, असे न्यायालय म्हणाले. मेक्सिकोने 2014 पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर घेतला. चिलीने 2016 मध्ये जास्त साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले.

ब्रिटनचा 2018 चा पेयकर यापेक्षा विचारपूर्वक रचलेला होता. शंभर मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅम आणि आठ ग्रॅम साखर अशा दोन पायऱ्या त्यात ठेवल्या होत्या, आणि कर लागू होण्याच्या दोन वर्षे आधीच तो जाहीर केल्यामुळे अनेक उत्पादकांनी त्याआधीच साखर कमी केली. ग्राहकाला काहीही करावे लागले नाही. पेयांचे घटक त्याला न विचारता बदलले, ही तक्रार खरी आहे. परंतु ती साखर मुळात किती असावी, हेही त्याला कधी कुणी विचारले नव्हते.

कोविडच्या काळात हे दोन्ही वाद एकमेकांना भिडले, कारण स्थूल व्यक्तींमध्ये आजार अधिक गंभीर होत असल्याचे दिसत होते. ऑस्ट्रियाने फेब्रुवारी 2022 मध्ये प्रौढांसाठी लस सक्तीची केली, मार्चमध्येच ती स्थगित केली आणि पुढे कायदाच रद्द केला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये कुणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही असे सांगितले, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकार कायम ठेवला. ब्रिटनमध्ये 2019 साली गोड पेयांवरील करासारख्या करांवर शंका घेणारे बोरिस जॉन्सन पुढल्या वर्षी पंतप्रधान असताना स्वतः कोविडने अतिदक्षता विभागात दाखल झाले आणि जुलै 2020 मध्ये त्यांनीच स्थूलताविरोधी धोरण जाहीर केले. चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेल्या पदार्थांवरील ‘एकावर एक मोफत’ योजना बंद करण्याची त्यातील तरतूद मे 2022 मध्ये लांबणीवर टाकताना, महागाईने पिचलेल्या कुटुंबांच्या खर्चाचे कारण सरकारने दिले. इंग्लंडमध्ये ती अखेर ऑक्टोबर 2025 मध्ये लागू झाली.