दोराला किती ढील द्यावी?

मालवणच्या धक्क्यावर होडी लावणं पाहायला सोपं वाटतं. माझे मामा सिंधुदुर्ग किल्ल्यावर माणसं नेणारी होडी चालवायचे. धक्क्याला लटकवलेल्या टायरांवर होडी टेकली की ते दोराचे दोन वेढे खुंट्याला घालायचे आणि मग हातभर दोर परत सोडायचे. बांधायचंच तर घट्ट का नाही, असं मी लहानपणी विचारलं होतं. "सुकती लागली की होडी खाली जातली. घट्ट बांधलंस तर दोर तुटतलो," मामा म्हणाले. ढील जास्त झाली तरी पंचाईतच. होडी लाटेसरशी बाहेर सरते आणि चढणाऱ्याचा एक पाय धक्क्यावर, एक हवेत.

काही वर्षांपूर्वी मामांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरू लागला, तंबाखू मळत असल्यासारखा. हात मांडीवर स्वस्थ असताना थरथर जास्त, दोर धरला की कमी. डॉक्टरांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान केलं. तेव्हापासून मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. त्यात मला सर्वांत विचार करायला लावलं ते पेशीतल्या दोरांनी.

शाळेच्या पुस्तकातली पेशीची आकृती आठवा. मध्ये केंद्रक, एका कोपऱ्यात तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया), दुसरीकडे आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पडद्यांचं जाळं, प्रत्येक अंगक आपापल्या जागी सुटं. ही आकृती एका बाबतीत फसवी आहे. खऱ्या पेशीत ही अंगकं एकमेकांना खेटून असतात आणि ठरावीक ठिकाणी प्रथिनांच्या दोरांनी बांधलेली असतात. जालिका आणि तंतुकणिका यांच्यात अशा जागी अंतर उरतं साधारण 10 ते 30 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. पण दोघींची आवरणं एकमेकांत मिसळत नाहीत. होडी धक्क्याला लागते, धक्का होत नाही.

याचं एक जुनं निरीक्षण माशात झालेलं आहे, हे किनाऱ्यावरच्या माणसांना आवडेल. बाजारात आपण मासळीचा कल्ला उघडून लाल आहे का बघतो. हाडांच्या अनेक माशांत कल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कल्ल्यासारखाच एक छोटा अवयव असतो. 1959 मध्ये कोपलँड आणि डाल्टन यांनी त्यातल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा जालिका आणि तंतुकणिका जोडीजोडीनं चिकटून बसलेल्या दिसल्या. पण त्या जागी नेमकं काय चालतं, हे कळायला पुढं तीस वर्षं गेली. 1990 मध्ये कॅनडातल्या जीन व्हान्स यांनी उंदराच्या यकृतातून तंतुकणिकांना चिकटलेला जालिकेचा भाग वेगळा काढला आणि तिथं मेदद्रव्यं तयार होतात असं दाखवलं. मेद पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते पेशीच्या पाण्यात नुसतं सोडून देता येत नाही. हातोहात द्यावं लागतं.

दुसरा माल कॅल्शियम. जालिका हे कॅल्शियमचं कोठार. तिथून सुटलेलं कॅल्शियम त्या चिंचोळ्या फटीत दाटतं आणि तंतुकणिकेत शिरतं. मग तंतुकणिका जोमानं ऊर्जा तयार करते. कमी पोचलं तर ऊर्जा कमी पडते. अति झालं तर तंतुकणिका फुटायला लागते आणि पेशी मरते. मामांच्या दोराचंच गणित.

चेतापेशींना ही चूक फार महाग पडते. कंपवातात मरणाऱ्या, डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या चेतापेशी मेंदूच्या खालच्या भागात असतात, आणि त्यांतल्या एकेका पेशीच्या फांद्यांवर दहा लाखांहून अधिक जोडण्या असाव्यात असा अंदाज आहे. एवढा संसार चालवायचा तर ऊर्जेत खंड पडून चालत नाही. शिवाय मेलेल्या चेतापेशीची जागा सहसा नवी पेशी घेत नाही.

या दोरांपैकी एक म्हणजे जालिकेवरचं व्हॅप-बी नावाचं प्रथिन. तंतुकणिकेवरचं पीटीपीआयपी-51 हे प्रथिन त्याला धरून ठेवतं. 2004 मध्ये ब्राझीलमधल्या काही कुटुंबांत, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी झिजवणाऱ्या एएलएस या आजाराचा एक आनुवंशिक प्रकार सापडला. दोष होता व्हॅप-बीमध्ये, त्याच्या अमिनो आम्लांच्या माळेतला 56व्या जागेवरचा एकच मणी बदललेला. पाठीच्या कण्यातून पायापर्यंत जाणारा अशा चेतापेशीचा तंतू जवळपास मीटरभर लांब असतो, आणि एका मण्यानं तिचा घात होतो. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

कंपवाताचा धागाही इथंच येऊन मिळतो. या आजारात चेतापेशींत अल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रथिनाचे गोळे साठतात. हेच प्रथिन व्हॅप-बीला चिकटतं आणि दोर सैल करतं, असं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत दिसलं आहे. अल्झायमर्समध्ये मात्र चित्र उलटं आहे. रुग्णांच्या पेशींवरच्या काही प्रयोगांत जालिका आणि तंतुकणिका गरजेपेक्षा जास्त जागी, जास्त घट्ट जखडलेल्या आढळल्या. आनुवंशिक अल्झायमर्सशी जोडलेली प्रेसेनिलिन ही प्रथिनंही याच जोडांच्या जागी दाटीनं असतात, हे 2009 मध्ये दिसून आलं. म्हणून "हे दोर घट्ट करणारं औषध काढा" असं सरसकट म्हणता येत नाही. एकाला तारेल ते दुसऱ्याला बुडवेल.

मामांना मिळणारं लेव्होडोपा हे औषध यातलं काहीच दुरुस्त करत नाही. मेंदूत त्याचं डोपामिन होतं आणि कमी पडलेलं भरून निघतं. आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही ते असतं (पण म्हणून कुणी बिया कुटून खाऊ नयेत, किती मात्रा पोटात जाते ते कळत नाही आणि चालू औषधात गोंधळ होतो). गोळीनं मामांचे हात दिवसाचे काही तास मोकळे होतात, चेतापेशींची झीज मात्र थांबत नाही.

गणपतीत गेलो होतो तेव्हा हे सगळं मी मामांना ओटीवर बसून सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं. "पण आदी दोर झिजलो की आदी होडी फुटली, ता माका सांग."

संशोधक गेली काही वर्षं याच प्रश्नावर खपत आहेत. ब्राझीलच्या कुटुंबांत उत्तर सरळ आहे, मामांना मी तेच सांगितलं: तिथं दोर जन्मापासूनच सदोष. कंपवातात मात्र गोळे आधी की सैल दोर आधी, यावर अजून प्रयोग चालले आहेत. मामांनी मान डोलावली आणि मामेभावाला हाक मारून विचारलं, होडीचा दोर सोडून ठेवलास का, आज उधाण आहे.