बोटीवरून घरी आलं, तरी जमीन का डोलते?

सहा-नऊ महिने जहाजावर काढून यावल-चोपड्याकडचा मुलगा मुंबईला येतो आणि तिथून रेल्वेनं भुसावळला. गाडीत त्याला काही होत नाही. फलाटावर पाय टेकले की मात्र जमीन खालून हलकेच उचलल्यासारखी वाटते. घरी ओट्यावर बसला तर ओटा डोलतो. अंघोळीला डोळे मिटून डोक्यावर तांब्या ओतला की हात आपोआप भिंत शोधतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय, ऊन लागलंय, सलाईन लावून घे. बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. त्याचा मेंदू अजून समुद्रावरच असतो, इतकंच.

तोल सांभाळायला मेंदूकडे तीन बातमीदार आहेत: डोळे, पायाचे तळवे व सांधे, आणि आतला कान. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे राहतो, त्यावरून वळणं कळतं. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचे, बारीक खडे असतात. शरीर पुढे-मागे, वर-खाली सरकलं की हे खडे घसरतात आणि खालच्या पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात, त्यावरून सरकणं कळतं.

जहाजावर पहिले दोन-तीन दिवस डोळे सांगतात ‘केबिन स्थिर आहे’ आणि कान सांगतो ‘आपण हलतोय’. या भांडणातून मळमळ होते. मग मेंदू लाटेची लय शिकतो. पुढचा झोका कधी येणार हे तो आधीच ओळखतो आणि त्याच्या उलट बाजूला अंग सावरून घेतो. जमिनीवर उतरल्यावर झोका येत नाही, पण सावरणं चालूच राहतं. आपल्याला डोलल्यासारखं वाटतं ते या उरलेल्या सावरण्यामुळं. डोळे मिटले की एक बातमीदार कमी होतो, म्हणून अंघोळीत आणि अंधारात ते जास्त जाणवतं.

भुसावळच्या गाडीत बरं का वाटलं, याचं उत्तरही इथंच आहे. खरी हालचाल मिळाली की मेंदूचा अंदाज आणि कानाची बातमी यांतली तफावत झाकली जाते. ही खूण फार कामाची आहे, कारण चकरेच्या बहुतेक आजारांत गाडीत बसल्यावर त्रास वाढतो. कूस बदलल्यावर काही सेकंद घर गरगर फिरत असेल, तर ते दुखणं वेगळं: कानातले तेच खडे सुटून नळीत गेलेले असतात.

बहुतेकांचं डोलणं दोन दिवसांत थांबतं. तोवर पडून राहू नये, मेंदूला जमीन पुन्हा शिकायला हालचाल लागते. सकाळी ऊन चढण्याआधी वीस-तीस मिनिटं शेतरस्त्यानं चालावं, नजर पायांकडे नको, दूर सातपुड्याच्या रेषेवर ठेवावी. नंतर भिंतीजवळ, कुणाला तरी शेजारी उभं करून, पाय जुळवून अर्धा मिनिट उभं राहावं. आधी डोळे उघडे ठेवून, ते जमलं की मिटून. अंघोळ बसून करावी. मोटरसायकल, विहिरीचा काठ आणि शिडी टाळावी. उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायची सवय असते, पण कठडा नसलेल्या धाब्यावर रात्री अर्धवट झोपेत उठणं या दिवसांत खरोखर धोक्याचं आहे. प्रवासातल्या उलटीच्या गोळ्यांचा इथं उपयोग होत नाही.

उन्हाचा मुद्दा वेगळा, पण त्याच आठवड्यात येतो. वातानुकूलित केबिनमधून थेट मे महिन्यातल्या ४४ अंशांत आलेल्या शरीराला भरपूर आणि कमी खारट घाम गाळायची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर केळीच्या बागेतलं काम सकाळ-संध्याकाळच करावं.

क्वचित हे डोलणं महिनाभरानंतरही राहतं. त्याला ‘माल द देबार्कमां’ (फ्रेंचमध्ये, बोटीवरून उतरल्यावरचं दुखणं) विकार म्हणतात. तो चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांत जास्त दिसतो, त्यामुळं क्रूझ करून आलेल्या मावशींची तक्रार ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावू नये. कानाची तपासणी आणि एमआरआय दोन्ही यात सहसा स्वच्छ येतात. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील मिंगजिया दाई आणि सहकाऱ्यांनी एक उपाय मांडला. समोर सरकणारे पट्टे दाखवायचे आणि त्याच वेळी रुग्णाचं डोकं त्याच्याच डोलण्याच्या लयीत, साधारण पाच सेकंदांना एक झोका, दोन्ही खांद्यांकडे कलवायचं. २४ पैकी १७ जणांना पूर्ण किंवा बराच आराम पडला. मात्र पुढच्या लांब प्रवासानंतर त्रास परतू शकतो.

बोलताना जीभ जड होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, एकाचे दोन दिसणं, अचानक ऐकू न येणं, यातलं काहीही सोबत असेल तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं. एरवी डॉक्टरांना नुसतं ‘चक्कर येते’ असं सांगू नये. ‘बोटीवर असल्यासारखं डोलतं, आणि गाडीत बसलं की थांबतं’ असंच्या असं सांगावं.