ट्रिगर पॉइंट उपचार आणि उष्णताचित्रण

स्नायूतल्या दुखऱ्या गाठीवर हाताने उपचार केल्यावर त्या जागेच्या त्वचेचे तापमान कसे बदलते, हे अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेऱ्याने तपासण्याची पद्धत. अशा गाठीला ट्रिगर पॉइंट म्हणतात. ताठरलेल्या स्नायूत ती वाटाण्यासारखी बोटाला लागते आणि दाबली की कळ दूर जाते. मान-खांद्यातील ट्रॅपिझियस स्नायूची कळ कानशिलापर्यंत पोहोचते. या कळांचे सविस्तर नकाशे जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडले.

गोव्यात माडावर चढणारे पाडेली, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारे मच्छीमार, दिवसभर हँडल धरणारे मोटारसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीचालक) यांच्या कामाचा भार याच स्नायूंवर येतो. मानेत उसण भरली की आधी घरीच खोबरेल तेल चोळले जाते.

कॅमेरा त्वचेतून निघणारे, बहुधा ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण टिपतो. तो पाहतो ती फक्त त्वचा; गाठ तिच्या आणि चरबीच्या आड असते. गाठीवरची त्वचा काही अभ्यासांत आजूबाजूपेक्षा गरम, काहींत थंड आढळली. म्हणून निदान आजही चाचपणाऱ्या बोटांवरच अवलंबून आहे.

खरी फसगत उपचारानंतर होते. अंगठ्याने दाबून धरलेली त्वचा आधी पांढुरकी पडते. अंगठा काढताच तिथे रक्त धावते आणि पडद्यावर लाल डाग उमटतो. चोळण्यानेही त्वचा तापते. तो डाग दाखवून ‘गाठ सुटली’ असे रुग्णाला सांगणे चूक आहे. उपचाराआधी, लगेच नंतर आणि काही वेळाने अशी चित्रे घेऊन न दाबलेल्या बाजूशी ताडावी लागतात. किती दाबाला दुखते आणि मान किती वळते, याचीही जोड हवी.

गोव्याच्या दमट हवेत तयारीला फार महत्त्व आहे. उन्हातून स्कूटरवर आलेल्या माणसाची पाठ घामेजलेली असते, खांद्यावर बॅगेच्या पट्ट्याचा वळ असतो. त्याला पाठ उघडी ठेवून १५ ते २० मिनिटे स्थिर तापमानाच्या खोलीत बसवतात; पंख्याचा किंवा एसीचा झोत अंगावर नको. पावसाळ्यात घाम लवकर वाळत नाही. तेलाचा थर वाचन बिघडवतो, म्हणून त्या दिवशी तेल लावायचे नाही.

रंगपट्टीही, म्हणजे कोणत्या तापमानाला पडद्यावर कोणता रंग हे ठरवणारी पट्टी, प्रत्येक भेटीत तीच ठेवावी लागते. २४ ते ३८ अंश सेल्सिअसची पट्टी ३० ते ३४ वर आणली, की तीच पाठ लालभडक दिसू लागते.